व्हॉल्व्ह बदलला, आता भीतीचे काय?

व्हॉल्व्हचे ऑपरेशन झाले, टाके सुकले, माणूस घरी आला. बघायला येणारे म्हणतात, "चला, सुटलात एकदाचे." पण ज्याचे ऑपरेशन झाले त्याची रात्र वेगळी असते. वस्ती शांत झाली, उशीवर कान टेकला की आतून टिक्‌ टिक्‌ ऐकू येते. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि छातीत धस्स होते. हात आपोआप मनगटावर जातो. नाडी मोजून होते, पुन्हा मोजून होते. झोपेत व्हॉल्व्ह बंद पडला तर? शेजारी लेकरे झोपलेली, त्यांना उठवायचे कसे? मग माणूस भिंतीला टेकून बसल्या बसल्या पहाट करतो.

हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर अशी घबराट, उदासी, झोप न लागणे हे नेहमी आढळणारे त्रास आहेत. त्यात भित्रेपणा काही नाही. ज्याची छाती उघडून हृदय काही वेळ थांबवले गेले, त्याच्या मनाला धक्का बसणारच. मात्र ही भीती तशीच सोडून दिली तर ती दोन बाजूंनी नुकसान करते. कोणी आठवड्यातून तीनदा ईसीजी काढत फिरतो आणि कर्ज वाढवतो. कोणी दवाखान्याचे नावच नको म्हणून गोळी बंद करतो, किंवा भगताकडून उतारा करून आणतो. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

यावर उपाय एकच, आणि तो घरात करता येतो. कोणत्या लक्षणाला लगेच धावायचे आणि कोणत्या लक्षणाला बसून ओसरू द्यायचे, हे डोके शांत असताना आधीच ठरवून ठेवायचे. भीती आली त्या क्षणी ठरवायला बसलो की भीतीच जिंकते.

हा आजार आला कुठून

आपल्याकडे तरुण वयात व्हॉल्व्ह खराब होण्याचे मोठे कारण म्हणजे लहानपणीचा घसा. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा सुजतो. त्यावर वेळेत पूर्ण औषध मिळाले नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघे, घोटे, कोपर असे एकेक सांधे सुजतात. हा संधिवाती ताप. सांधे बरे होतात, पण तोच ताप हृदयाच्या झडपा धरतो. पुढे दहा-वीस वर्षांनी जिना चढताना दम लागू लागतो, एखाद्या बाईला बाळंतपणात श्वास पुरत नाही, आणि तेव्हा टूडी इकोत व्हॉल्व्ह आवळलेला किंवा गळका असल्याचे कळते.

हा जंतू दाटीत पसरतो. एका खोलीत सात-आठ माणसे, हवा खेळत नाही, दवाखाना लांब, रोजंदारी बुडवून मुलाचा घसा कोण दाखवणार? म्हणून हा आजार गरिबांच्या वस्तीत जास्त दिसतो. "मी काय पाप केले होते?" हा प्रश्न पुष्कळ रुग्णांच्या, विशेषतः बायकांच्या मनात असतो. उत्तर स्पष्ट आहे. पाप कोणतेही नाही. जंतू, दाटी आणि न मिळालेले औषध ही कारणे आहेत. आजचे दुःख पूर्वजन्मीच्या कर्माने आले ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. आजारपणाच्या ओझ्यावर अपराधीपणाचे आणखी ओझे घेण्याचे कारण नाही.

छातीत नेमके काय बसवले आहे

भीतीचा अर्धा भाग अज्ञानावर जगतो. म्हणून आत काय आहे ते समजून घ्या.

झडप म्हणजे एका बाजूला उघडणारे दार. रक्त पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. कृत्रिम व्हॉल्व्ह दोन प्रकारचे असतात. एक धातू-कार्बनचा, ज्याला आपण लोखंडी व्हॉल्व्ह म्हणतो. दुसरा गाय, बैल किंवा डुकराच्या ऊतीपासून केलेला. प्राण्याच्या ऊतीचा व्हॉल्व्ह साधारण दहा-पंधरा वर्षांनी झिजतो, म्हणून तरुण माणसाला बहुधा धातूचा बसवतात. तो सहसा जन्मभर टिकतो, पण त्याच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते.

कृत्रिम व्हॉल्व्ह ही काही कालपरवाची गोष्ट नाही. माणसाच्या हृदयात असे व्हॉल्व्ह १९६० पासून यशस्वीपणे बसवले जात आहेत. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने भारतीय व्हॉल्व्ह तयार केला आणि १९९० च्या डिसेंबरमध्ये तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला. आज आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या अनेकांच्या छातीत हा चित्रा व्हॉल्व्ह आहे.

आता नेहमीच्या शंका.

टिक्‌ टिक्‌ आवाज हा धातूची चकती बंद होण्याचा आवाज आहे. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडते, तेवढ्या वेळा ती चकती मिटते. आवाज येतो आहे याचा अर्थ व्हॉल्व्ह काम करतो आहे. बारीक माणसाला तो जास्त ऐकू येतो, रात्री शांततेत आणखी जास्त. काही महिन्यांत कान त्याला सरावतात, जसे रेल्वेलाइनच्या कडेला राहणाऱ्याला गाडीने जाग येत नाही.

व्हॉल्व्हला बॅटरी नसते. लाइट गेली, मोबाइल खिशात ठेवला, स्टेशनवरच्या मेटल डिटेक्टरमधून गेलो म्हणून तो बंद पडत नाही. बॅटरी पेसमेकरला असते, ते यंत्र वेगळे.

खोकल्याने, शिंकेने किंवा कुशीवर वळल्याने तो निसटत नाही. तो चहूबाजूंनी टाके घालून शिवलेला असतो आणि काही महिन्यांत शरीराची स्वतःची ऊती त्याच्या कडेवर चढते.

छातीच्या मधल्या हाडाला जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर तिथे ठणका, खेच, बधिरपणा, हवा बदलली की दुखणे हे होते. हालचालीने किंवा दाबल्याने वाढणारी ती दुखरी वेदना बहुधा हाडाची आणि स्नायूंची असते. हाड कटकट हलल्यासारखे वाटले तर मात्र ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा.

भीतीचे चक्र कसे फिरते

समजा, एक बाई भांडी घासताना एक ठोका चुकल्यासारखा वाटून थबकली. असा एखादा जास्तीचा ठोका निरोगी माणसालाही येतो, फक्त तो लक्ष देत नाही. हिच्या मनात लगेच येते, "व्हॉल्व्ह गेला." हा विचार येताच शरीर धोक्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनालिन नावाचे रसायन रक्तात उतरते. ठोके जोरात पडू लागतात, श्वास भराभर होतो, तळहाताला घाम येतो, बोटांना मुंग्या येतात. ती म्हणते, "बघा, खरंच काहीतरी झालंय." भीती आणखी वाढते, ठोके आणखी वाढतात.

इथे धडधड खरी आहे, मुंग्या खऱ्या आहेत. म्हणून "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असे म्हणून भागत नाही. त्रास खरा आहे, त्याचा लावलेला अर्थ चुकला आहे. भीतीने उठलेली ही लाट बहुधा दहा मिनिटांत टोकाला जाते आणि वीस-तीस मिनिटांत उतरू लागते. लाट उतरेपर्यंत बसता आले तर मन शिकते की आपण यातून वाचलो. दर वेळी रिक्षा करून कॅज्युअल्टीत गेलो तर मन शिकते की गेलो म्हणून वाचलो. मग पुढची लाट लवकर येते.

संयुत्त निकायातल्या सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. एक बाण लागलेल्या माणसाला दुसरा बाण लागावा, तसे अज्ञानी माणसाचे होते. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेवर रडणे, झुरणे, आता माझे काय होणार म्हणत राहणे हा दुसरा. पहिला बाण सर्वांना लागतो. दुसरा टाळण्याचा अभ्यास करता येतो. व्हॉल्व्हच्या रुग्णाला हा दृष्टांत अगदी अंगाला लागू पडतो. चुकलेला ठोका पहिला बाण, "व्हॉल्व्ह गेला" हा दुसरा. पण पहिला बाण खरोखर खोल गेला असेल तर तो काढायला वैद्य लागतोच. म्हणून आधी धोक्याची यादी पाहू.

हे दिसले तर थांबू नका

ही यादी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. यातले काहीही झाले तर शांत बसण्याचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करा किंवा मोठ्या रुग्णालयात जा, आणि पोहोचताच "धातूचा व्हॉल्व्ह आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" हे पहिले वाक्य सांगा.

१. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हातापायातली ताकद जाणे, बोबडे बोलणे, अचानक दिसेनासे होणे. दोन मिनिटांत बरे वाटले तरी जायचे.

२. अचानक खूप दम लागणे, आडवे झोपता न येणे, किंवा नेहमीचा टिक्‌ आवाज मंद किंवा बंद झाल्यासारखा वाटून सोबत दम लागणे.

३. चक्कर येऊन शुद्ध हरपणे.

४. छातीत दाबल्यासारखे दुखून ते हात, मान किंवा जबड्याकडे जाणे.

५. डांबरासारखी काळी शौचास होणे, लघवीत किंवा उलटीत रक्त, पाळीत नेहमीपेक्षा फारच जास्त रक्त जाणे. नाकातून रक्त आल्यास पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरा. तरी थांबले नाही तर निघा.

६. डोक्याला मार लागणे, वरून जखम दिसत नसली तरी. तसेच कधी नव्हे इतके अचानक डोके दुखणे.

७. १००.४ च्या वर ताप, विशेषतः थंडी वाजून. व्हॉल्व्हवर जंतू बसण्याची शक्यता असते. इथे एक चूक सर्रास होते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकची गोळी घेतली जाते, ताप दबतो आणि रक्त तपासणीत जंतू सापडत नाही. आधी रक्त तपासणीला घ्यायचे, मग अँटिबायोटिक. व्हॉल्व्ह असल्याचे डॉक्टरांना सांगा.

८. पाय सुजणे, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे, ऑपरेशनच्या जखमेतून पू येणे. यासाठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा.

९. धडधड अशी पहिल्यांदाच झाली असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील किंवा अर्ध्या तासात शांत होत नसतील, तर ईसीजी काढून घ्या.

भीती वाटली की आधी या कागदासमोर उभे राहा. यातले काही आहे का? असेल तर निघा. नसेल तर खाली बसा, पाय जमिनीवर टेकवा आणि घड्याळ पाहून वीस मिनिटे द्या. निर्णय कागदाने घ्यायचा, भीतीने नाही.

काळजीला वार आणि वेळ ठरवून द्या

भीती म्हणते, सारखे तपास. उपचार म्हणतो, ठरल्या वेळी तपास. व्हॉल्व्ह सांभाळण्याची खरी कामे थोडीच आहेत आणि सगळ्यांना वेळ ठरलेली आहे.

गोळी: अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फरिन रोज एकाच वेळी घ्या, बहुतेकांना संध्याकाळी सांगतात. घेतली की कॅलेंडरवर खूण करा. "घेतली की नाही?" ही रात्रीची अर्धी भीती त्या खुणेने जाते. विसरलात आणि त्याच दिवशी आठवले तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवले तर दुप्पट घेऊ नका, नेहमीचीच घ्या आणि पुढच्या तपासणीत सांगा.

आयएनआर: ही रक्ताची तपासणी गोळीचा परिणाम मोजते. साधारणपणे मायट्रल जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर २.५ ते ३.५ आणि महाधमनीच्या जागी असेल तर २ ते ३ ठेवायला सांगतात. तुमच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहिलेला आकडा तुमचा. आकडा कमी झाला तर गुठळीचा धोका, वाढला तर रक्तस्रावाचा. तो अधूनमधून थोडा वर-खाली होतोच, त्यासाठीच तपासणी असते. एकदा आकडा हलला म्हणून घाबरून गोळी स्वतः कमी-जास्त करू नका.

पालेभाजी: "गोळी चालू आहे, पालेभाजी बंद" असे अनेकांना वाटते. हिरव्या पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो हे खरे. पण मेथी-पालक सोडायची गरज नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच नियमाने खा. एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असे करू नका.

दुसरी औषधे: अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. काढे, जडीबुटी, अँटिबायोटिक यांनीही आकडा हलतो. कंबरेत सुई टोचण्याआधी गोळी चालू असल्याचे सांगा. दारूने आकडा बिघडतो. पाचवे शील पाळण्याचे हे आणखी एक कारण.

पेनिसिलीन: संधिवाती तापामुळे व्हॉल्व्ह गेला असेल तर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलीनचे इंजेक्शन किंवा त्याऐवजी दिलेल्या गोळ्या ऑपरेशननंतरही डॉक्टर सांगतील तोवर चालूच ठेवायच्या असतात. "व्हॉल्व्ह नवा बसला, आता कशाला?" म्हणून बंद करू नका. बाकीच्या झडपा तुमच्याच आहेत.

दात: हिरड्यांतले जंतू रक्तातून व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. दोन वेळा ब्रश करा, मिश्री आणि तंबाखू सोडा. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावे लागते, दंतवैद्याला आधी सांगा.

दिवस राहणे: धातूचा व्हॉल्व्ह असलेल्या बाईने मूल हवे असेल तर दिवस राहण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावे. गोळीचा गर्भावर परिणाम होऊ शकतो आणि गोळी परस्पर बंद केली तर आईच्या जिवाला धोका. पाळी चुकली तर गोळी न थांबवता ताबडतोब दाखवा. घरात कोणी "पोर होत नाही" म्हणून टोमणे मारत असेल तर त्यांनाही सोबत न्या, डॉक्टरांकडून ऐकू द्या.

एवढी कामे वेळेवर झाली की तुमच्या हातातले काम झाले. त्यापलीकडचे तपासणे हे भीतीला खाऊ घालणे आहे. दिवसातून तीस वेळा नाडी पाहत असाल तर या आठवड्यात दहावर आणा, पुढच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा. नंतर डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढीच. मधल्या वेळात मनात प्रश्न आला की वहीत लिहा. संध्याकाळी अर्धा तास काळजीसाठीच राखून ठेवा आणि तेव्हा वही उघडा. दुपारी डोंगराएवढे वाटलेले अनेक प्रश्न संध्याकाळी उरलेले नसतात. जे उरतात ते पुढच्या ओपीडीत विचारा. रांगेत तीन तास बसून आत दोन मिनिटे मिळतात, तेव्हा लिहिलेली वहीच कामी येते.

चालणे आणि कामाला लागणे

भीतीने माणूस हालचाल टाळतो. हालचाल टाळली की अंग सुटते, मग चार पायऱ्यांनीही दम लागतो आणि भीती खरी वाटू लागते. यातून चालण्यानेच बाहेर पडता येते. सुरुवातीला गल्लीच्या तोंडापर्यंत पाच मिनिटे, कोणाला तरी सोबत घेऊन. दर आठवड्याला थोडे वाढवा. चालताना बोलता आले पाहिजे, एवढा वेग पुरे. बोलताना वाक्य तुटू लागले तर हळू व्हा. मग एकट्याने नळापर्यंत, बसस्टॉपपर्यंत, विहारापर्यंत जा.

वजनाचे मात्र पथ्य पाळा. हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, चार-पाच किलोच्या वर उचलू नये. भरलेली बादली दहा-पंधरा किलोची असते, हंडाही तसाच. पाणी भरण्याचे काम या काळात घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करावे. लेकराला उचलून कडेवर घेण्याऐवजी बसून मांडीवर घ्या.

नवरा-बायकोच्या संबंधांची भीती कोणी बोलून दाखवत नाही, पण ती दोघांनाही असते. दम न लागता दोन मजले चढता येऊ लागले की बहुतेकांना संबंध ठेवायला हरकत नसते. छातीवर भार येणार नाही एवढे पाहा. लाज न धरता डॉक्टरांना विचारा.

श्वास आणि पाऊल

विहारात आनापान शिकलेल्यांना श्वासाकडे पाहणे ठाऊक आहे. श्वास येतो, जातो, आपण फक्त जाणतो, बदलत नाही. घबराटीत थोडा बदल चालतो: नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. लांब सोडलेल्या श्वासाने ठोके मंदावायला मदत होते.

पण एक अनुभव लक्षात घ्या. व्हॉल्व्हच्या काही रुग्णांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिले की टिक्‌ टिक्‌ आणखी मोठी ऐकू येते आणि घबराट वाढते. तसे झाले तर ध्यान जमत नाही असे समजू नका. डोळे उघडे ठेवा आणि लक्ष छातीतून तळपायांवर आणा. किंवा चंक्रमण करा: सावकाश चाला, पाऊल उचलले, पुढे गेले, टेकले, एवढेच जाणा. दहा फुटांच्या खोलीतही हे होते. काय मानवते ते स्वतः करून पाहा. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते, अनुभवाने पारखून घ्या.

दहा दिवसांच्या शिबिराची घाई करू नका. हाड जुळू द्या, आयएनआर स्थिर होऊ द्या, डॉक्टरांना विचारा आणि अर्जात आजार लपवू नका. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणार असाल तर चार दिवस जास्तीच्या गोळ्या, रुग्णालयाचे कार्ड आणि घरच्यांचा फोन नंबर खिशात ठेवा. गर्दीत रेटारेटी होते, पहिली काही वर्षे आदल्या दिवशी किंवा पहाटे अभिवादन करून या.

घरच्यांनी काय करावे

रुग्ण घाबरला की "काही होत नाही गं, झोप" म्हणू नका आणि स्वतः घाबरून रिक्षाही आणू नका. म्हणा, "चल, कागद पाहू." कागदात काही नसेल तर वीस मिनिटे शेजारी बसा. हात धरा, नाडी धरू नका. दर वेळी तुम्ही नाडी पाहून "ठीक आहे" म्हणालात तर पुढच्या तासाला तोच प्रश्न पुन्हा येईल.

भेटायला येणाऱ्यांचे एक पथ्य असावे. "आमच्या भावकीतल्या एकाचा व्हॉल्व्ह असाच बंद पडला" ही गोष्ट आजाऱ्यासमोर सांगायची नसते. मुलांपासून काही लपवू नका. आईच्या छातीतला आवाज त्यांना ऐकू द्या, तो कशाचा ते सांगा. कळले की त्यांची भीतीही जाते.

मनाच्या डॉक्टरांकडे कधी

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, दिवसभर तोच विचार, घराबाहेर पाऊल पडत नाही, किंवा जगून काय उपयोग असे मनात येते, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटे सोडू नका.

बोलण्याच्या उपचाराने या भीतीत चांगला फरक पडतो. काहींना गोळी लागते. तिथेही रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचे सांगाच, कारण मनाच्या काही औषधांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. सांगितले की डॉक्टर योग्य औषध निवडतात.

विहाराने काय करावे

अतिसाराने आजारी पडलेल्या, कोणी न विचारणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजवले. संघाला त्यांनी बजावले की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. ही कथा आपण वर्षावासात ऐकतो. ती वस्तीत उतरवणे अवघड नाही. रविवारच्या वंदनेनंतर व्हॉल्व्हचे, हृदयाचे रुग्ण अर्धा तास एकत्र बसू शकतात. ऑपरेशनला पाच वर्षे झालेली बाई पाच आठवड्यांच्या रुग्णाशी बोलली, तर दहा ईसीजींनी होत नाही ते होते. महिला मंडळातली एखादी ताई आयएनआरच्या दिवशी सोबत जाऊ शकते. शिकलेली मुले-मुली केसपेपर वाचून दाखवू शकतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जुळवून देऊ शकतात.

आणि एक काळजी प्रत्येक घराने जरूर करावी. मुलाला ताप येऊन घसा दुखत असेल, गिळताना त्रास होत असेल, तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि दिलेले औषध दोन दिवसांत बरे वाटले तरी पूर्ण करा. घशानंतर सांधे सुजले तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. घसा वेळेवर बरा झाला, तर त्या लेकराला पुढे व्हॉल्व्ह बदलण्याची वेळ येणार नाही.